नाशिकला मुक्काम एकाने वाढवा

नाशिकच्या एकाच दिवसात पंचवटी, काळाराम, त्र्यंबक उरकून संध्याकाळी शिर्डी गाठायचा तुमचा बेत वाचला. महाराष्ट्रातली जुनी गावं बघायलाच निघाला आहात, तर नाशिकला अजून एक दिवस द्या, ही मनापासून विनंती.

सकाळी लवकर पांडवलेणी चढा. लेणी २४ आहेत, पण खरा वेळ तिसऱ्या लेण्याला द्या. दर्शनी भागात खाली सहा यक्ष अख्खं लेणं खांद्यावर पेलून उभे आहेत आणि व्हरांड्याच्या भिंतीवर गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. गेलेल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचं, कर्तृत्व एक आई दगडात कोरून ठेवते! माझा तर तिथून पाय निघत नाही. सातकर्णीने ज्याला हरवलं त्या क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, लेखही त्याच डोंगरात, दहाव्या लेण्यात आहेत.

मग सिन्नरचं गोंदेश्वर. यादवकालीन, भूमिज शैलीचं (शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असलेलं) पंचायतन: मधे महादेव, चार कोपऱ्यांना चार छोटी देवळं. भर दुपारी नको, फरशी इतकी तापते की अनवाणी चालवत नाही.

चांदवडला अहिल्याबाईंचा रंगमहाल आहे, तो जाता जाता होईल. येवल्यात मात्र नुसती पैठणी घेऊन निघू नका. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथेच. त्या जागेच्या स्मारकावर, मुक्तिभूमीवर, जाऊन याच. तिथून शिर्डी जवळच, म्हणजे तुमचा मूळ बेतही मोडत नाही.