मदत हवी आहे: युरोपात 'जिरं' मागितलं की कॅरवे का मिळते?

आमच्या मंडळात दरवर्षी शिकायला नवीन मुलं येतात, त्यांच्यासाठी किराण्याच्या शब्दांची यादी करतेय. हळद, धने, मोहरी झटपट उरकली. जिऱ्यापाशी गाडी अडलीये.

जर्मनीत 'क्युमेल' लिहिलेल्या पुडीत जिरं नसतं, कॅरवे असते. दाणा जिऱ्याचाच भाऊ वाटतो, पण काळपट, विळ्यासारखा वाकडा, आणि दाताखाली आला की बडीशेपेकडे झुकणारा वास. कोबीत, राय ब्रेडमध्ये छान लागते. आमटीच्या फोडणीत पडली तर वाट लागते. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमेल'. स्वीडिशमध्ये 'कुम्मिन' कॅरवे आणि 'स्पीसकुम्मिन' जिरं. पोलिश आणि हंगेरियनमध्ये जिऱ्याला 'रोमन' असं विशेषण लागतं. फिनिशमध्ये तर 'यूस्तोकुमिना', म्हणजे चक्क चीजचं जिरं! फ्रेंच-स्पॅनिशवाल्यांना मात्र काही त्रास नाही, त्यांचं जिरं ते जिरंच.

शब्द सगळीकडे एकच: लॅटिन 'कुमिनुम', त्याआधी ग्रीक 'क्युमिनॉन', आणि त्याच घरातले अरबी 'कम्मून', प्राचीन मेसोपोटेमियातल्या अक्कडियन भाषेतलं 'कमूनु'. प्राचीन ग्रीसमधल्या मायसिनीच्या लिनिअर बी लिपीतल्या मातीच्या पाट्यांवरही 'कु-मि-नो' आहे, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी गोष्ट. कॅरवेचं स्वतःचं नाव अरबी 'कराविया'वरून आलंय. स्पॅनिशमध्ये ते अरबीतल्या 'अल' या उपपदासकट 'आल्कारावेआ' झालं.

माझा तर्क असा, की जिऱ्याला ऊन लागतं, उत्तरेत ते पिकत नाही. कॅरवे तिथे माळावर आपसूक उगवते, म्हणून नाव तिला चिकटलं, आणि खऱ्या जिऱ्याला पुढे उपपद लावावं लागलं. पण डच लोक घोळ घालतात! तेही उत्तरेचेच, तरी त्यांचं 'कोमेइन' म्हणजे जिरंच, आणि ते चीजमध्ये घालतात. फिनिश नाव तिथून आलं असेल का?

स्वीडिश 'स्पीस' म्हणजे शेगडी, पण डॅनिश 'स्पिड्सकोमेन'मधला 'स्पिड्स' म्हणजे टोकदार. मग स्वीडिशमध्ये टोकाची शेगडी झाली का? आणि जर्मन 'क्रॉइत्स', म्हणजे क्रूस, कुठून आला?

जाता जाता, शहाजिऱ्याचंही सांगा. कोशात कॅरवेला शहाजिरे म्हणतात, पण बिर्याणीत पडतं ते बारीक, काळं शहाजिरं वेगळ्याच झाडाचं, बुनियम पर्सिकमचं. तुमच्या घरात कोणाला शहाजिरं म्हणतात? यादीत कॅरवेपुढे काय लिहू, ते त्यावर ठरेल.