मदत हवी आहे: लेट्यूसचं गरम तोंडीलावणं कसं करायचं? पाणी सुटतं, कडूही लागतं

नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. दिरांचं पादऱ्याजवळ शेत आहे, तिथे यंदा शेडनेटखाली लेट्यूस लावलंय. माल हॉटेलांना जातो, पण ज्या गड्ड्यांचा आकार जमत नाही किंवा बाहेरची पानं फाटलेली असतात ते सगळं आमच्याकडे येतं. रोमेन जास्त, थोडं आइसबर्ग आणि ती कुरळ्या हिरव्या पानांची जात असते ना, ती. इतकं ताजं आणि टवटवीत असतं की टाकवत नाही.

अडचण अशी की थंडीत घरात कच्चं सॅलड कोणी खात नाही. सासूबाईंना कवळी आहे, कच्चं पान चावत नाही, पण पालेभाजीशिवाय त्यांना जेवल्यासारखंच वाटत नाही. चाकवत, माठ, अंबाडी, शेपू सगळं मनापासून खातात. हल्ली त्यांचं जेवण कमी झालंय त्यामुळे जे खातील ते हिरवं, मऊ आणि गरम असावं असं मला फार वाटतं.

पालकासारखं चिरून फोडणीत टाकलं, झाकण ठेवून वाफ आणली की पातेलंभर पानांची वाटीभर भाजी होते, खाली पाणी साचतं, रंग शेवाळी होतो आणि बुडख्याजवळचा भाग चांगलाच कडू लागतो. पाणी आटवत बसलं तर पानांत काही उरतच नाही. भाकरी किंवा वरणभाताबरोबर ताटात वाढता येईल असं काहीतरी हवंय. चीज, क्रीम वगैरे नको. कोणी नेहमी करत असेल तर नीट सांगा प्लीज, कोणत्या जातीचं काय करायचं तेही सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी पण बडोद्याचीच, रावपुऱ्यात असते. लेट्यूसमध्ये जवळजवळ ९५ टक्के पाणी असतं, म्हणजे किलोभर पानांत घट्ट ऐवज जेमतेम ५० ग्रॅम. झाकण ठेवलं की ते पाणी बाहेर येणारच आणि जायला वाट नाही. म्हणून झाकण अजिबात नको, आणि धुतलेली पानं आधी कोरडी करा. चाळणीत निथळून मग पंच्यावर पसरून ठेवा, ही पायरी गाळू नका, अर्धं काम इथेच होतं. धुताना पानं मोठ्या पातेल्यात बुडवून वर उचलून घ्या, पातेलं उपडं करू नका, नाहीतर खाली बसलेली माती परत पानांवर येते.

मग मधली जाड शीर आणि पान वेगळं करा. लोखंडी कढई चांगली तापवायची, तेल जरा सढळ, त्यात ठेचलेला लसूण आणि सुकी मिरची. आत्ता खंडेराव मार्केटला लीला लसण, म्हणजे हिरव्या पातीचा लसूण, मस्त मिळतोय, तो घातलात तर काही विचारूच नका, फक्त त्याचा पांढरा भाग फोडणीत आणि हिरवी पात शेवटी. आधी शिरा मिनिटभर परता, मग पानं, तीही मोठ्या आचेवर आणि थोडी थोडी, सगळा ढीग एकदम टाकला की कढई गार होते आणि परतण्याऐवजी शिजायला लागतं. पानं माना टाकतात तेव्हाच गॅस बंद. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की तेच पाणी ओढून काढतं. एका माणसाला साधारण पाव किलो कच्ची पानं धरा, कमी घेतली तर वाढायलाच उरत नाही.

प्रतिसाद:
वरच्या ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, रंगाचं थोडं सांगतो. हिरव्या रंगद्रव्यात मधोमध मॅग्नेशियम असतं, आंबटपणा आणि जास्त वेळची उष्णता मिळून ते निघून जातं आणि रंग शेवाळी होतो. पानातली आम्लं वाफेबरोबर उडून जायला हवीत, झाकणामुळे ती पुन्हा खाली पडतात. म्हणून लिंबू, टोमॅटो, आमचूर काहीही शिजताना घालू नका, लिंबू ताटात पिळा. काही जण सोडा टाकतात, त्याने रंग राहतो पण पानाचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्वही जातं, तेव्हा नकोच.

प्रतिसाद:
मी कामानिमित्त चीनमध्ये ग्वांगजौला राहिलोय. तिकडे लेट्यूस शिजवूनच खातात, कच्चं खायची पद्धत मूळची तिथली नाही. साध्यातलं साधं म्हणजे मोठ्या भांड्यात पाणी खळखळ उकळायचं, त्यात मीठ आणि चमचाभर तेल, अख्खी पानं २० ते ३० सेकंद बुडवून बाहेर काढायची, निथळायची आणि वरून तळलेला लसूण व सोया सॉस. तेलामुळे पानाला चकाकी राहते. तिकडचे लोक ऑयस्टर सॉस घालतात, तुम्हाला शाकाहारी हवं असेल तर सोया आणि चिमूटभर साखर पुरते. तुमच्या सासूबाईंसाठी हीच पद्धत मला सगळ्यात योग्य वाटते, कारण पान पूर्ण मऊ होतं पण विरघळत नाही. आणि उकळत्या पाण्यात थोडा कडवटपणाही उतरतो. सोया सॉस त्यांना आवडणार नसेल तर तीच निथळलेली पानं जिरं-हिंग-लसणाच्या फोडणीत फक्त एकदा उलटीपालटी करा.

धागाकर्ती:
खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. कडूपणाचं अजून विचारायचंय, सगळे गड्डे कडू नसतात, काहीच असतात. आणि रोमेन ठीक पण आइसबर्गचं काय करू? ते शिजवलं की काहीच उरत नाही.

प्रतिसाद:
रावपुऱ्यातलीच मी. लेट्यूसचं बूड कापलं की पांढरा चीक येतो बघा, कडू तोच. झाड फुलोऱ्यावर यायला लागलं की तो वाढतो, आणि ऊन वाढलं की झाड लवकर फुलोऱ्यावर येतं. आपल्याकडे फेब्रुवारी सरत आला की ऊन लागायला लागतंच, तेव्हा दिरांना सांगा की ज्या गड्ड्याचा मधला दांडा उंच झालाय तो वेगळा ठेवा. असे गड्डे साधे परतू नका, त्यांना पीठ पेरा. भरपूर कांदा, हिरवी मिरची, हळद, पानं परतून झाली की वरून भाजलेलं बेसन भुरभुरवायचं, दोन चिमटी गूळ, आणि बेसन शिजेपर्यंत हलवत राहायचं. सुटलेलं पाणी बेसन पिऊन टाकतं आणि कडूपणा जाणवत नाही, गरम भाकरीबरोबर फार छान लागतं. दाण्याचं कूटही चालेल. माझ्या मते पीठ पेरलेलं लेट्यूस ही आपल्या ताटात सगळ्यात शोभणारी भाजी आहे, कारण खाणाऱ्याला नवीन काही खातोय असं वाटत नाही, पण पान मात्र पानासारखंच लागतं.

आइसबर्गच्या उभ्या चार फोडी करा, बूड कापू नका म्हणजे पानं सुटत नाहीत. तव्यावर तूप घालून फक्त कापलेली बाजू तांबूस करून घ्या, वरून मीठ-मिरपूड. मऊ आणि गरम लागतं, आतला गर किंचित कुरकुरीत राहतो. सासूबाईंना बाहेरचीच पानं वाढा.

प्रतिसाद:
एक फ्रेंच प्रकार सुचवते. ते लोक ताजे मटार लोण्यात लेट्यूस आणि छोट्या कांद्यांबरोबर मंद शिजवतात. इथे लेट्यूसचं पाणी सुटणं हेच कामाला येतं, मटार त्या पाण्यातच शिजतात, वरून पाणी घालावं लागलं तर अगदी दोन चमचे. यात मात्र झाकण ठेवायचं. तूप किंवा लोणी, पातीच्या कांद्याचे पांढरे कांदे, दोन वाट्या कोवळे मटार, वर चिरलेलं लेट्यूस, मीठ, चिमूटभर साखर, आणि मटार मऊ होईपर्यंत मंद आच. रंग थोडा उतरतो, तो उतरू द्या. आत्ता मटार गोड आहेत तोवर करूनच बघा. वरणभाताशेजारी वाढा, कवळी असलेल्यांना अजिबात त्रास नाही.

प्रतिसाद:
एक विचारतो, सासूबाईंना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, वॉरफॅरिन किंवा असेनोकुमारोल? असेल तर पालेभाजी बंद करायची गरज नाही पण रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवा आणि डॉक्टरांना सांगून ठेवा, हिरव्या पानांतल्या के जीवनसत्त्वाचा त्या गोळीवर परिणाम होतो. आइसबर्गमध्ये ते कमी, रोमेन आणि कुरळ्या हिरव्यात जास्त, पालकात त्याहून बरंच जास्त. मुतखड्याचा त्रास असेल तर उलट लेट्यूस बरं, पालक-माठापेक्षा त्यात ऑक्झलेट (ज्याचे खडे बनतात ते) फार कमी असतं.

धागाकर्ती:
नाही, फक्त बीपीची गोळी आहे, पण विचारलंत ते बरं केलंत. उद्या रोमेन उकळत्या पाण्यातून काढून लीला लसणाच्या फोडणीवर करते आणि कडू गड्ड्यांना पीठ पेरते. सोया सॉस नको, त्यात मीठ फार. शेवटचं एक, सकाळी करून संध्याकाळी गरम करून चालेल का? मिस्टर रात्री उशिरा जेवतात.

प्रतिसाद:
परतलेलं नाही चालणार, दुसऱ्यांदा तापवलं की पाणी सुटून पुन्हा तेच होईल. पानं सकाळी धुऊन, कोरडी करून, पंच्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा आणि पानं वाढायच्या वेळी परता, फार तर तीन-चार मिनिटांचं काम आहे. पीठ पेरलेली आणि मटारवाली मात्र संध्याकाळी खुशाल गरम करा.