डिझेल गाडीत पेट्रोल भरलं गेलंय, इंजिन थोडं चाललंही आहे. काय काय बदलावं लागेल?

नमस्कार मंडळी, जरा तातडीने सल्ला हवा आहे.

गाडी वडिलांची, डिझेल, कॉमन रेल इंजिन (म्हणजे पंप खूप दाबाने डिझेल "रेल" नावाच्या नळीत भरतो आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात). बाबांनी पंपावर "डिझेल, टाकी फुल" असं स्पष्ट सांगितलं होतं, तरी भरणाऱ्याने पेट्रोलचं नोझल लावलं. याच मॉडेलची पेट्रोल गाडीही येते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, त्यातून गडबड झाली असावी. पावती नीट वाचेपर्यंत बाबा पंपाच्या बाहेर पडले होते. "पेट्रोल" दिसल्याबरोबर त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. तोवर ना आवाज बदलला होता, ना धूर, ना कुठला दिवा लागला होता.

टाकी ५० लिटरची. आत साधारण १० लिटर डिझेल असावं, त्यावर ३८ लिटर पेट्रोल.

आता एक गॅरेजवाला म्हणतो, टाकी रिकामी करू, फिल्टर बदलू, विषय संपला. दुसरा म्हणतो, हाय प्रेशर पंप, रेल, चारही इंजेक्टर, सगळं नवीन टाका, नाहीतर परत याल. ओळखीतले एक काका म्हणतात, काही करू नका, वरून डिझेल टाकत राहा. तिघंही तितक्याच ठामपणे बोलतात, म्हणून विचारतोय. नुकसान झालंय की नाही हे खर्च करायच्या आधी कळू शकतं का?

प्रतिसाद:
गाडी अजून रस्त्यावरच असेल तर आधी चावी स्वतःजवळ घ्या. "बघू तरी चालू होते का" म्हणणारा कोणीतरी भेटतोच. इंजिन चालू केलं नाही, नुसती चावी ऑनवर नेली, तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतला पंप सुरू होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. काही गाड्यांत तर दार उघडलं तरी. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवलेली बरी. गाडी ओढून न्यायची असेल तर न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये ओढली की इंजिन फिरतं, आणि त्याबरोबर हाय प्रेशर पंपही.

प्रतिसाद:
काकांची बाजू मांडतो, ते अगदीच हवेत बोलत नाहीत. जुन्या डिझेल इंजिनांत कडक थंडीत डिझेल घट्ट होऊ नये म्हणून थोडं पेट्रोल मिसळायचे, काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेतही तशी परवानगी असायची. पण ते जुने पंप, आणि प्रमाण थोडं. तुमच्या टाकीत पाऊण हिश्श्याहून जास्त पेट्रोलच आहे. वर डिझेल टाकायला जागा तरी कुठे उरलीय?

प्रतिसाद:
वर्कशॉपमध्ये काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

कॉमन रेलच्या पंपाला वेगळं वंगण नसतं, त्यातून जाणारं डिझेलच वंगणाचं काम करतं. तिथे १६०० ते २००० बारपर्यंत दाब असतो. पेट्रोलमध्ये तो तेलकटपणा नाही, त्यामुळे धातूवर धातू घासला जातो आणि बारीक किस सुटतो. हा किस रेलमध्ये जातो, इंजेक्टरमध्ये जातो, आणि खरी कटकट म्हणजे रिटर्न लाइनमधून परत टाकीत येतो. म्हणजे नुसता पंप बदलला तर तोच किस नव्या पंपात. दुसरा गॅरेजवाला सगळं बदला म्हणतोय ते लुबाडायलाच असं समजू नका. किस सुटला असेल तर त्याचं बरोबर आहे. सुटलाय का, हे मात्र त्याने बघितलेलं दिसत नाही.

गाडी नीट चालत होती याचं कारण सोपं आहे. फिल्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये आधीचं डिझेल शिल्लक असतं, इंजिन काही वेळ त्यावरच चालतं. बाबांनी लगेच बंद केली, त्यामुळे पंपापर्यंत पेट्रोल फार गेलं नसण्याची शक्यता आहे.

खात्री अशी करा. टाकी उपसल्यावर जुना फिल्टर तुमच्यासमोर उघडायला सांगा. त्यातलं इंधन पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून उन्हात तिरकं धरा. किस असेल तर चांदीच्या वर्खासारखी चमक दिसते. मग हाय प्रेशर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारी झडप) काढून तिथेही बघा. ही जागा महत्त्वाची, कारण फिल्टर पंपाच्या आधी असतो. दोन्हीकडे स्वच्छ असेल तर टाकी आणि लाइन धुऊन, नवा फिल्टर, ताजं डिझेल, लाइनमधली हवा काढून चालू करा. चमक दिसली तर मन घट्ट करा आणि पूर्ण सिस्टिम बदला.

प्रतिसाद:
थोडं अवांतर: पेट्रोल गाडीत डिझेल गेलं तर?

प्रतिसाद:
ते तुलनेने स्वस्तात सुटतं. धूर येतो, इंजिन अडखळतं, प्लग काळे पडतात, पण टाकी आणि लाइन साफ करून प्लग बदलले की सहसा भागतं. तसंच दामटून चालवत राहिलात तर मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) खराब होऊ शकतो. मुळात डिझेलचं नोझल जाड असतं, पेट्रोल गाडीच्या तोंडात बहुधा जातच नाही. पेट्रोलचं बारीक नोझल डिझेल गाडीत आरामात बसतं, म्हणून असे धागे जास्त करून डिझेलवाल्यांचेच निघतात.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. फिल्टर समोर उघडून घेतला, मीटरिंग व्हॉल्व्हही काढून बघितला. कुठेही चमक नाही. पहिल्या गॅरेजवाल्याने व्हॉल्व्ह काढायला कुरकुर केली, पण केलं. टाकी उतरवून धुतली आहे, उद्या चालू करणार. दोन प्रश्न उरलेत. काढलेल्या मिश्रणाचं काय करायचं? गॅरेजमधला मुलगा म्हणतो जनरेटरमध्ये चालेल. आणि पेट्रोल पंपवाल्यांकडून खर्च मागायचा तर काय लागेल?

प्रतिसाद:
जनरेटरला अजिबात नको, त्याचाही पंप तसाच मरेल. शिवाय फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, डिझेलचा बराच वर असतो, तर पेट्रोलचा शून्याच्या बराच खाली, उणे ४० अंशांच्या आसपास. मिश्रण आग धरायच्या बाबतीत पेट्रोलसारखंच वागतं, मग दिसायला कसंही असो. कॅनमध्ये भरून घरी ठेवू नका. जिथे वापरलेलं ऑइल आणि खराब इंधन रीतसर गोळा करतात तिथेच ते द्या.

प्रतिसाद:
खर्चासाठी मूळ पावती जपा, तिचा आजच फोटो काढा. ती शाई फार लवकर उडते. मॅनेजरकडून गाडीचा नंबर आणि वेळ घालून लेखी घ्या, आणि कॅमेऱ्याचं चित्रण राखून ठेवा असंही लेखीच सांगा, ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. गॅरेजच्या बिलावर "चुकीचं इंधन काढून टाकलं" हे शब्द हवेत, नुसतं "सर्व्हिसिंग" नको.

धागाकर्ता:
चालू केली. सुरुवातीला दोनदा अडखळली, मग नीट. फिल्टर परत कधी बदलू?

प्रतिसाद (वर्कशॉपवाला):
अडखळली ती हवेमुळे. ही टाकी संपत आली की फिल्टर काढून परत तसाच ट्रेमध्ये बघा, आणि स्वच्छ दिसला तरी नवाच टाका.