झोपताना सांगायच्या गोष्टी: तुम्ही स्वतः रचलेल्या

चिऊचं घर मेणाचं, काऊचं घर शेणाचं, इथून सगळ्यांचीच सुरुवात होते. पोरांना ही गोष्ट कितीही वेळा पुरते, आपल्यालाच पुरत नाही. मग आपण काहीबाही रचायला लागतो. हा धागा त्या काहीबाहीसाठी.

वाचलेल्या, मोबाइलवर ऐकवलेल्या गोष्टी नकोत. कोकणातल्यांनी आधी लिहा. सिंहाची गोष्ट इथे चालत नाही, 'तो कुठे असतो?' विचारून मुलं मोकळी होतात. बिबट्या म्हटलं की मात्र गोठ्याच्या दाराकडे बघतात.

माझं सांगतो. दिवसा दिसलेली वस्तूच रात्री कामाला येते. सध्या ट्रकातून घाटात पडलेला एक चिरा, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड, आमचा नायक आहे. त्याला विहिरीत जायचं नाही, घराला लागायचंय, तेही खिडकीखाली. फार काही घडत नाही. लेकीला तेवढं पुरतं.

हर्णै, मुलगा साडेचार वर्षांचा

हे बोटीवर असतात, त्यामुळे रात्रीची गोष्ट माझ्याकडे. मी एक बांगडा रचला. खोडकर, गर्दी सोडून एकटा हिंडणारा. दोन रात्री छान गेल्या. तिसऱ्या रात्री बांगड्यासमोर जाळं आलं आणि पोरगा उठूनच बसला. "बाबांचं जाळं?"

आता काय सांगणार? सुटला म्हणावं तर बाबा रिकाम्या हाताने येणार, सापडला म्हणावं तर गोष्ट संपली. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या बोटीचं असेल. ते त्याला अजिबात पटलं नाही, कारण बंदरातल्या सगळ्या बोटी त्याला रंगावरून ओळखता येतात.

तोड त्यानेच काढली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. बोटी वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला, बाबा घरी. "गोष्टीत जूनच ठेव," म्हणाला. तेव्हापासून आमच्या बांगड्याच्या समुद्रात कायम पाऊस पडतो. मासे त्या दिवसांत अंडी घालतात म्हणून बंदी असते, हे मी सांगितल्यावर त्याने बांगड्याचं लग्न लावून टाकलं. नारळी पौर्णिमा गोष्टीत आणायला परवानगी नाही.

मालवण

झिलाक झोपवूक जातंय आणि मीच आधी घोरूक लागतंय. मगे तो माका हलवून उठवता, "बाबा, वाघाचा पुढे काय झाला?" मी म्हणतंय, वाघ झोपलो. तर म्हणता, "तुमचो वाघ रोजच झोपता!"

वेंगुर्ला, दोन मुली

थोरलीला चुलत भावंडांनी देवचाराच्या (भुताखेताच्या) गजाली सांगून घाबरवलं होतं. दिवा मालवला की रडारड. बागुलबुवाची भीती घालून झोपवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे, ते असो.

आमच्या तालुक्यात आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. तिथे नवसाच्या कातडी चपला वाहतात, माणसाच्या पायाला होणार नाहीत एवढ्या मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. तिला भरदुपारी घेऊन गेले. तिने चप्पल निरखून बघितली, मग आपलं पाऊल हवेत धरून मापून पाहिलं. बाहेर आल्यावर पहिला प्रश्न, "चिखलात गेला तर त्या कोण धुतं?"

तिथून आमच्या गोष्टी सुरू झाल्या. आज वेतोबा कुठून कुठे गेला. आमच्या बेड्यापासून, म्हणजे कुंपणाच्या फाटकापासून निघतो, काजूच्या बागेतून साकवावर, ओढ्यावरच्या छोट्या पुलावर येतो. वाटेत कुणाचं वासरू सुटलेलं असतं, कुणाची सायकल पावसात राहिलेली असते, एखादा काका जरा जास्त घेऊन वाट चुकलेला असतो. प्रत्येकाचं काहीतरी मार्गी लावून तो पुढे जातो. नव्या चपलांचा आवाज मी करते: कर्र, कर्र. तो लांब गेला की आवाज बारीक करत न्यायचा. साकव ओलांडेपर्यंत धाकटी झोपलेली असते. थोरली डोळे मिटून ऐकत राहते, पण आता रडत नाही.

सासूबाई आधी म्हणाल्या, देवाची थट्टा नको. आता त्याच मधून दुरुस्ती करतात: "तो साकवावरून कशाला जाईल, एका ढांगेत पलीकडे!"

देवरुख, निवृत्त शिक्षक, नात

सगळं रचायलाच हवं असं नाही. धनेश पक्ष्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंडाशी फक्त एक फट ठेवते आणि नर त्या फटीतून तिला फळं भरवतो. यात मी आणखी काय रचू? वाटेत नराच्या चोचीतून एक फळ पडतं, एवढंच माझ्या पदरचं. ते कुठे पडलं आणि तिथे काय उगवलं, हे नात ठरवते. गोष्टीत काही बोध असावा असं मला अजून वाटतं, इथे बहुतेकांना पटणार नाही.

वेळासजवळचं गाव

कासवाच्या पिल्लांची गोष्ट आमच्याकडे असणारच. वाळूतून वर आली की ती समुद्रावरच्या उजेडाकडे निघतात आणि घरांच्या दिव्यांनी चुकतात, हे मुलाने किनाऱ्यावर ऐकलं होतं. गोष्टीत पिल्लू निघालं की तो अंथरुणातून उठून ओटीवरचा दिवा बंद करून येतो. परत येऊन म्हणतो, "हां, आता चालू कर." गोष्ट, दिवा नव्हे.

गुहागर

कुणी वर विचारलं नाही, पण मुख्य अडचण ही की काल काय सांगितलं ते आपण विसरतो आणि मूल विसरत नाही. एक शब्द बदलला तरी पकडतात. म्हणून मी गोष्टीला चालच अशी दिली की लक्षात ठेवायला नको.

दाभोळ-धोपावे फेरीबोट आहे ना, ती घेतली. धोपाव्याच्या धक्क्यावर बोट लागते आणि एकेक जण चढतो. आधी आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो. मग टेम्पो आणि मोटारसायकलवाला. मग टेम्पो, मोटारसायकलवाला आणि कोंबड्यांची टोपली. दर वेळी सगळी यादी पहिल्यापासून म्हणायची, नवा माणूस मुलाने चढवायचा. बोट भरली की खाडी ओलांडायची, ही जागा संथ बोलायची. दाभोळला सगळे उलट्या क्रमाने उतरतात, शेवटी टेम्पो.

उतरतानाच झोप लागते, चढताना कधीच नाही. म्हणून प्रवासी सातापुढे जाऊ देऊ नका, नाहीतर बोट सुटतच नाही. मध्यंतरी त्याने लग्नाचा बँड चढवला होता. तो लवकर काढावा लागला, कारण दाभोळला उतरताना बँड वाजायलाच हवा असा त्याचा हट्ट होता, आणि वाजवायचं मी.