युरोपातील परवडणाऱ्या पिल्सनर बिअरची तुलना कशी करावी?

नेकारतीर

नमस्कार मंडळी,

मी नोकरीनिमित्त श्टुटगार्ट येथे राहतो. येथील कोणत्याही दुकानात अर्ध्या लिटरची पिल्सनर, बाटलीमागे घेतली जाणारी 8 सेंटांची अनामत वगळता, साधारणपणे एका युरोच्या आसपास मिळते, आणि दुकानाच्या स्वतःच्या छापाची तर त्याहूनही बरीच स्वस्त असते. बिटबुर्गर, क्रोमबाखर, फेल्टिन्स आणि वारश्टाइनर या चारही मी आलटून पालटून प्यायलो आहे. चारही आवडल्या, परंतु डोळे बांधून चव घ्यायला दिली तर यांतली कोणती कोणती हे सांगता येईल, अशी खात्री वाटत नाही. चेक पिल्सनर उर्क्वेल मात्र पहिल्या घोटातच निराळी जाणवते.

येत्या शनिवारी काही मित्र घरी जमणार आहेत. त्या वेळी चार-पाच पिल्सनर समोर ठेवून नीट तुलना करावी, असा विचार आहे. कोणत्या निवडाव्यात, कोणत्या क्रमाने घ्याव्यात आणि नेमके काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे. महागड्या क्राफ्ट बिअर या वेळी नकोत. रोज परवडेल अशाच हव्या आहेत.

पांथस्थ

तुम्हाला त्या चार बिअरमध्ये फारसा फरक जाणवला नाही, यात तुमच्या जिभेचा दोष नाही. चारही पश्चिम जर्मनीतील मोठ्या कारखान्यांच्या आहेत, चारहींत मद्यार्क 4.8 टक्के आहे आणि चारही स्वच्छ, हलक्या, मध्यम कडवट अशा एकाच घडणीच्या आहेत. त्यांतली एकच घ्यावी आणि उरलेल्या जागा खरोखर वेगळ्या बिअरना द्याव्यात.

पहिली जागा अर्थातच उर्क्वेलची. 1838 साली पिल्झेन या चेक गावाच्या नागरिकांनी खराब बिअरची 36 पिंपे नगरभवनासमोर ओतून दिली, त्यानंतर गावाने स्वतःचा नवा कारखाना काढला आणि बव्हेरियातून योझेफ ग्रोल यांना बोलावले. त्यांनी 5 ऑक्टोबर 1842 रोजी जी बिअर शिजवली, तिच्यापासून ही सगळी परंपरा सुरू झाली. फिकट माल्ट (मोड आणून वाळवलेले जव), झाटेत्स या चेक परिसरातील हॉप (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले), अतिशय मृदू पाणी आणि थंडीत संथपणे काम करणारे बव्हेरियन यीस्ट, एवढीच सामग्री. पण त्या काळी गढूळ आणि काळपट बिअरची सवय असलेल्या लोकांना ती सोनेरी, पारदर्शक बिअर किती नवलाची वाटली असेल, याची कल्पना करता येते.

दुसरी जागा उत्तर जर्मनीतल्या येफरची. तुलनेचा सगळा गाभा या दोघींत आहे, असे मला मनापासून वाटते. कडवटपणा मोजण्याच्या एककांत (आयबीयू) दोघींचा कडवटपणा जवळपास सारखाच, चाळीसच्या आसपास आहे. तरीही येफर जिभेला कितीतरी अधिक कडू लागते. याचे कारण असे की उर्क्वेलमध्ये माल्टमधील साखरेचा बराच अंश न आंबता मागे राहतो, म्हणूनच तिचा मद्यार्क केवळ 4.4 टक्के असतो आणि हॉपच्या कडवटपणाला खालून गोडव्याचा आधार मिळतो. येफरमध्ये ती साखर जवळजवळ संपलेली असते, मद्यार्क 4.9 टक्क्यांपर्यंत जातो आणि कोरडा कडवटपणा कशाचाही आडपडदा न ठेवता समोर येतो.

तिसरी तुमच्याच राज्यातली रोटहाउस घ्यावी. ब्लॅक फॉरेस्टमधील हा कारखाना 1791 साली एका मठाने सुरू केला आणि आज तो बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याच्या मालकीचा आहे. लहान बाटलीवर टानेनत्सेप्फ्ले हे नाव दिसले तरी आतली बिअर मोठ्या बाटलीतलीच पिल्सनर असते. चौथी तुमच्या यादीतली कोणतीही, आणि पाचवी दुकानाच्या स्वतःच्या छापाची. ती वगळू नये.

वल्तावाकाठी

पांथस्थ यांची निवड उत्तम आहे. प्रागमध्ये अनेक वर्षे राहत असल्यामुळे चेक बाजूने थोडी भर घालते.

उर्क्वेलचा रंग इतरांपेक्षा गडद आणि चव भरदार का असते, याचे उत्तर बऱ्याच अंशी तिच्या शिजवण्याच्या पद्धतीत आहे. भरडलेला माल्ट आणि पाणी यांच्या मिश्रणातला एक भाग बाहेर काढून वेगळा उकळतात आणि पुन्हा मूळ मिश्रणात मिसळतात. हे एकदा नव्हे तर तीनदा केले जाते. यात वेळ आणि इंधन दोन्ही जास्त लागते, म्हणून बहुतेक मोठ्या जर्मन कारखान्यांनी सोपी पद्धत स्वीकारली. चव घेताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. उर्क्वेलच्या वासात कधी कधी लोण्याची पुसटशी छटा असते, लोणी कढवताना सुरुवातीला घरात दरवळते तशी. बहुतेक जर्मन पिल्सनरमध्ये हा दोष मानतील. येथे तो त्या बिअरच्या स्वभावाचा भाग समजला जातो, आणि मला तो फार आवडतो.

पाचऐवजी सहा बाटल्या ठेवणार असाल, तर बुडवार अवश्य आणावी. ती चेस्के बुडेयोविचे येथील सरकारी कारखान्याची असून सुमारे 90 दिवस थंडीत मुरवली जाते. उर्क्वेलपेक्षा कडवटपणा बराच कमी, माल्टचा गोडवा मऊ. चेक लेबलांवर 10, 11 किंवा 12 असे अंश लिहिलेले आढळतात. तो मद्यार्काचा आकडा नव्हे. आंबवण्यापूर्वी द्रवात माल्टचा किती अंश उतरला होता, हे त्यावरून कळते. दहा अंशांच्या बिअरमध्ये साधारण 4 टक्के मद्यार्क असतो. ती स्वस्त असते आणि येथे अनेक जण रोज संध्याकाळी तीच पितात.

क्रम सौम्याकडून कडवटाकडे असावा. येफर शेवटी, ती आधी घेतली तर पुढच्या सगळ्या पाणचट वाटतील.

रसायनी

बाटली कशी ठेवली गेली, यावर निकाल ब्रँडपेक्षा अधिक अवलंबून राहू शकतो. हॉपमधील कडू संयुगांवर प्रकाश पडला की त्यांतून गंधकयुक्त संयुग तयार होते आणि बिअरला उग्र, कुबट वास येतो. थेट उन्हात यासाठी काही मिनिटे पुरतात. तपकिरी काच यापासून बऱ्यापैकी संरक्षण देते, हिरवी फारच थोडे. त्यामुळे दुकानात दिव्याखाली मांडलेल्या बाटल्यांपेक्षा बंद खोक्यातल्या घ्याव्यात. लेबलावरील मुदतीची तारीख पाहावी आणि जिची मुदत सर्वांत लांबची आहे ती निवडावी. जुन्या बिअरला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. प्लास्टिकच्या बाटलीतून प्राणवायू हळूहळू आत शिरतो, म्हणून तीत बिअर लवकर शिळी होते. स्वस्त छाप अनेकदा अशाच बाटलीत मिळतात, तेव्हा तेथे तारीख दुप्पट काळजीने पाहावी.

सर्व बाटल्या एकाच तापमानाला, 7 ते 8 अंश सेल्सिअसला, आणाव्यात. फ्रिजमधून काढल्याबरोबर ओतलेल्या बिअरचा वास दबलेला असतो. पेले साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खळबळावेत, कारण तेलकटपणाचा अंश राहिला तरी फेस बसतो. चिवडा, शेव, मसाला शेंगदाणे हे सगळे तुलना आटोपल्यावरच काढावे. तिखटाने जीभ पोळली की कडवटपणातील बारकावे कळत नाहीत. मध्ये साधा पाव आणि पाणी पुरे.

तुमच्या मूळ शंकेसाठी तीन पेल्यांची चाचणी करून पाहावी. दोन पेल्यांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतायची, आणि चव घेणाऱ्याने वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही सरासरी तिघांपैकी एक जण बरोबर येतो, त्यामुळे निम्म्याहून बरेच अधिक लोक वारंवार बरोबर आले तरच फरक खरा धरावा. ओतणाऱ्याने स्वतः चाचणीत भाग घेऊ नये.

नेकारतीर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तुलना केली, म्हणून निष्कर्ष येथे नोंदवतो.

क्रोमबाखर आणि फेल्टिन्स यांच्या तीन पेल्यांच्या चाचणीत मंडळींची उत्तरे अंदाजापलीकडे गेली नाहीत. उर्क्वेल आणि येफर मात्र सर्वांनी बिनचूक वेगळ्या काढल्या. पांथस्थ यांनी सांगितलेले कोरडेपणाचे लक्षण समजून घ्यायला मला वेळ लागला. पहिल्या घोटाला दोन्ही सारख्याच कडू वाटल्या. गिळल्यानंतर काही क्षण थांबल्यावर उर्क्वेलचा कडवटपणा भाजलेल्या पावाच्या गोडसर चवीत विरत गेला, तर येफरचा घशाच्या मागच्या बाजूला तसाच टिकून राहिला. आमच्यातल्या दोघांना तोच सर्वाधिक भावला. रोटहाउसला हॉपचा ताज्या गवतासारखा सुगंध होता आणि एकंदर पसंतीत ती उर्क्वेलच्या खालोखाल आली.

लांबची तारीख पाहून आणलेली दुकानाच्या छापाची बिअर झाकलेल्या पेल्यांत मध्यावर राहिली. तिच्याहून दुप्पट किमतीच्या एका बिअरपेक्षा ती अनेकांना बरी वाटली. बुडवार बहुतेकांना आवडली, पण माझ्या मते ती जेवणासोबत अधिक खुलेल. एक हिरवी बाटली मुद्दाम दुपारभर खिडकीत ठेवली होती. तिचा वास इतका स्पष्ट बिघडला होता की कोणालाही विचारावे लागले नाही.

यापुढे त्या चार नेहमीच्या ब्रँडांपैकी ज्याचे खोके सवलतीत असेल ते घेणार आहे, आणि त्यातून वाचलेले पैसे उर्क्वेल व रोटहाउससाठी ठेवणार आहे. राडेबेर्गर आणि फ्लेन्सबुर्गर या आणखी दोन जर्मन पिल्सनरना येफरच्या शेजारी बसवून पाहायची इच्छा आहे. कोणी तशी तुलना केली असल्यास जरूर लिहावे.