चुकारा हाती आला: आधी पीककर्ज भरायचं की थांबायचं?

वावरवाला, दारव्हा
यंदाचा 30 क्विंटल कापूस विकला गेला. 7,000 च्या भावानं 2 लाख 10 हजारांचा चुकारा झाला. त्यातले 1 लाख 20 हजार उद्या सहकारी सोसायटीत पीककर्जापोटी भरतो आहे. पारावर हे बोललो तर चौघांनी वेड्यात काढलं. कर्जमाफीची चर्चा चालू असताना कोण भरते, म्हणाले. माझं मत पक्कं आहे, ते हिशेबानं मांडतो.

पीककर्जाचा दर 7 टक्के. मुदतीत भरलं तर केंद्राची 3 टक्के सूट मिळते आणि उरलेलं व्याज डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाच्या योजनेतून राज्य सोसतं. 3 लाखांपर्यंत शून्य टक्के पडतं. आता हेच पैसे 7 टक्क्यांच्या मुदत ठेवीत टाकले तर वर्षाचे 8,400 येतील. पण मुदत चुकली की सवलत गेली, कर्जावर तेवढेच 8,400 चढले. हाती काहीच उरलं नाही. वरून थकबाकीदाराला नवं कर्ज मिळत नाही, म्हणजे जूनमध्ये बियाणं-खत उधारीवर, शेकडा तीननं.

या शेकडा तीनचा मला फार राग आहे. बँकेचा 7 टक्का वर्षाचा असतो, शेकडा तीन महिन्याचा. वर्षाचे 36 झाले. व्याज न देता ते दर महिन्याला मुद्दलात चढत गेलं तर 24 महिन्यांत रक्कम दुप्पट होते. माझ्या बाबांनी असेच 20,000 उचलले होते. तिसऱ्या साली बैलजोडी विकावी लागली.

कोरडवाहू
भाऊ, व्याजाचा हिशेब बरोबर हाय. पण माफीचा हिशेब तुम्ही धरलाच नाही.

2008 ची माफी आली तवा पुऱ्या माफीले दोन हेक्टरची अट होती. आमचं वावर सात एकर, सारं कोरडवाहू, पाण्याचा थेंब नाही. तरी आम्ही मोठे कास्तकार ठरलो. 2017 मंधी दीड लाखापर्यंत माफी झाली. मी नेमानं भरलं होतं, अन् नेमानं भरणाऱ्याले जास्तीत जास्त 25,000. शेजाऱ्यानं थकवलं होतं, त्याचं सारं साफ झालं. 2019 ची माफी दोन लाखाची, तवाही माहं खातं नील, बाकी काहीच नाही. 50,000 पर्यंतचं अनुदान मागून आलं. दोन वेळा भरून मी मागं पडलो. माह्यावर 1 लाख 10 हजार आहेत, यंदा भरत नाही.

वावरवाला, दारव्हा
तुमच्यावर अन्याय झाला हे मला मान्य आहे. 2008 च्या अटीनं विदर्भातला कोरडवाहू माणूस बाहेर राहिला, कारण इथं जमीन जास्त आणि पीक कमी. पण माफी कधी येईल, कोणत्या तारखेपर्यंतची थकबाकी धरतील, हे तुमच्या हातात नाही. जूनची पेरणी मात्र ठरलेली आहे. तेव्हा पैसा कोण देणार?

गटाची ताई, पुसद
दोघंही भाऊ कर्जावरच बोलून राहिले. वावरवाला भाऊ, 2 लाख 10 हजारांतून 1 लाख 20 हजार गेले, उरले 90,000. त्यात किराणा, पोराची फी, जूनची पेरणी, मजुरी. अन् मे महिन्यात घरात दुखणं निघालं तर? भरलेलं कर्ज सोसायटी दवाखान्यासाठी परत देत नाही. मग तुम्ही त्याच शेकडा तीनवाल्याच्या दारात जाल.

माझं म्हणणं, आधी 30,000 वेगळ्या बचत खात्यात टाका अन् त्याला हात लावू नका. व्याज कमी भेटते, भेटू द्या. तो पैसा कमवायला ठेवला नाही, रात्री-बेरात्री काढायला ठेवला आहे. अन् त्याच खात्यातून वर्षाचे 20 रुपये अपघात विम्याचे अन् 436 जीवन विम्याचे कापू द्या, दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे. आमच्या बचत गटातल्या एका बाईचा नवरा वीज पडून गेला. वीस रुपयांचा विमा होता म्हणून तिचं वावर गहाण पडलं नाही.

गटाच्या कर्जाचा दर शेकडा दोन आहे, तोही महागच. पण ते व्याज गटातच राहते अन् वर्षाअखेरी आम्हा बायांतच वाटलं जाते.

राळेगावचा, सध्या पुण्यात
सोनं घेऊ नका एवढंच सांगतो, घडणावळ परत मिळत नाही. दर महिन्याला 500 ची एसआयपी लावा, म्हणजे म्युच्युअल फंडात ठरलेला हप्ता. भाववाढीपुढं मुदत ठेव टिकत नाही.

वावरवाला, दारव्हा
दर महिन्याला कुठून लावू? तुमचा पगार महिन्याचा आहे, माझा वर्षातून एकदा, तोही बोंडअळीनं सोडला तर. पाच-सात वर्षं लागणार नाही असा पैसा ज्याच्याकडं आहे, त्यानं अवश्य लावावा. बाजार पडलेला असताना जूनमध्ये युनिट विकून युरिया आणायचा, हे मला परवडत नाही. ताईंचे 30,000 मात्र पटले. उरलेल्या 60,000 त पेरणी ओढून काढतो.

कोरडवाहू
आमच्याकडं एक पतसंस्था 11 टक्के देऊन राहिली. तिथं ठेवले तर कर्जाचं 7 टक्के व्याज निघून वर 4 टक्के उरते. आता बोला.

निवृत्त रोखपाल, आर्वी
बोलतो. बँक बुडाली तर दर ठेवीदाराला एका बँकेमागं 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो, मुद्दल आणि व्याज धरून. 2020 पर्यंत हा आकडा 1 लाख होता. सहकारी बँकही त्यात येते, पतसंस्था येत नाही. तुमचा वर्षाचा कापूस अशा जागी चार टक्क्यांसाठी ठेवू नका. मी काउंटरच्या आतून लोकांचे चेहरे पाहिले आहेत.

दुसरं, राष्ट्रीयीकृत बँकेचं किसान क्रेडिट कार्ड घ्या. त्याची मर्यादा पाच वर्षांची असते, दरवर्षी तपासणी होते. भरलेली रक्कम मर्यादेत पुन्हा उचलता येते. ताईंनी मांडलेली मे महिन्याची अडचण त्यानं बरीच हलकी होते.

कोरडवाहू
सोसायटीचं थकीत असल्यावर ते कार्ड भेटते काय?

निवृत्त रोखपाल, आर्वी
नाही. बँक आधी सोसायटीचा बेबाकी दाखला, म्हणजे बाकी नसल्याचा कागद, मागते.

कोरडवाहू
म्हणजे आधी 1 लाख 10 हजार भरावेच लागतात. सोमवारी सोसायटीत जाऊन मुदतीची तारीख विचारतो. भरीन का नाही, हे घरी बोलल्याशिवाय सांगत नाही. 2017 चं माही बायको अजून बोलून दाखवते.