आउशवित्झचा कमांडंट रुडॉल्फ ह्योस : तुमची गाठ कुठे पडली त्याच्याशी? (अनुभव धागा)

आधी एक खुलासा. रुडॉल्फ हेस वेगळा, तो हिटलरचा डेप्युटी, विमान घेऊन एकटाच स्कॉटलंडला गेला तो. हा रुडॉल्फ ह्योस, आउशवित्झ या पोलंडमधल्या नाझी छावणीचा पहिला कमांडंट. मी पोलंडला पोचेपर्यंत दोघांना एकच समजत होतो त्यामुळे कोणी गोंधळलं तर हसणार नाही.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं क्राकोवहून बसने ऑश्विएंचिमला गेलो (गावाचं पोलिश नाव ते). बुटांचे ढीग, कापलेले केस, नावं लिहिलेल्या सुटकेसेस, हे सगळं आपण फोटोत इतकं बघितलेलं असतं की मन आधीच दगड करून जातो. माझं जे काय व्हायचं ते टूर संपता संपता झालं. जुन्या शवदाहिनीशेजारी एक लाकडी फाशीचा सांगाडा आहे, १६ एप्रिल १९४७ ला ह्योसला तिथे लटकवला, आणि तिथून मान वळवली की झाडांआडून त्याचं घर दिसतं. ऐसपैस, दुमजली. बायको, पाच मुलं, बाग, कामाला कैदी. छावणीची भिंत मध्ये, बस.

आमच्या ग्रुपमधले एक काका लगेच म्हणाले, बघा, तुमच्याआमच्यासारखाच साधा संसारी माणूस, परिस्थितीने राक्षस केला. तेव्हा मान डोलावली, हॉटेलवर येऊन वाचायला बसलो तर कसला डोंबलाचा साधा! १९२३ मध्ये पार्खिम भागात वाल्टर काडो नावाच्या शाळामास्तराला फितूर समजून जंगलात नेऊन ठार मारलं त्या टोळीत हा होता, १९२४ ला १० वर्षांची शिक्षा झाली, त्याच खटल्यात मार्टिन बोरमानला (पुढे हिटलरचा सचिव झाला तो) एक वर्ष. १९२८ ला माफीत सुटला. १९३४ ला एसएसमध्ये (नाझी पक्षाचं गणवेशधारी दल, छावण्या त्यांच्याच ताब्यात). म्हणजे खुनाच्या खटल्यात शिक्षा भोगलेल्या माणसाला नोकरी लागली आणि बढत्या मिळत गेल्या, आधी जर्मनीतल्या दाखाउ, साखसेनहाउसेन या छावण्या, मग मे १९४० ला आउशवित्झ. त्याला कोणी बिघडवला नाही, त्याला त्याच्या लायकीचं खातं मिळालं असं माझं मत.

तुमच्यापैकी कोणी या जागा पाहिल्या असतील, कोणाकडून ऐकलं असेल, नोकरीधंद्यात कुठे संबंध आला असेल तर लिहा. विकिपीडिया चिकटवू नका प्लीज, स्वतःचं लिहा.

म्युनिकवासी

आम्ही दाखाउपासून लोकलने अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की नॉयश्वानस्टाइनचा राजवाडा आणि दाखाउ हे आमचं ठरलेलं पॅकेज (हो, विचित्र आहे, मला मान्य). आत्तापर्यंत अकरा वेळा गेलोय आणि खरं सांगायचं तर पाचव्यासहाव्या वेळेनंतर मी बाहेर कॅफेत बसायला लागलो होतो.

मग सासरे आले. ते तुरुंग खात्यातून रिटायर झालेले, पस्तीस वर्षं सर्व्हिस. त्यांनी बराकी बघितल्या, ते 'काम केल्याने मुक्ती मिळते' लिहिलेलं लोखंडी फाटक बघितलं, काही बोलले नाहीत, आणि मग माहितीकेंद्रातल्या बाईंना माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला, कैदी मेला तर पंचनामा कोण करायचं?

त्या बाई चाट पडल्या. म्हणाल्या हे सहसा कोणी विचारत नाही. उत्तर असं की छावणी मार्च १९३३ ला उघडली आणि पहिल्या काही आठवड्यांत कैदी मेले तेव्हा म्युनिकच्या सरकारी वकिलांनी खरंच चौकशी केली होती, योझेफ हार्टिंगर त्यांचं नाव, खुनाचे आरोप कागदावर आणले होते. प्रकरण वरून दाबलं. फक्त कमांडंट बदलला आणि त्याच्या जागी आला थेओडोर आयके, त्याने कैद्यांच्या शिक्षांची नियमावलीच लिहून काढली, फटके किती, कोठडी किती दिवस, सगळं कलमवार. ह्योस १९३४ ला ज्याच्या हाताखाली शिकला तो हा आयके.

सासरे गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणजे आधी मॅन्युअल नव्हतं म्हणून खून होते, मग मॅन्युअल आलं." बास, घरी येईपर्यंत पुढे एक शब्द नाही. तेव्हापासून मी पाहुण्यांबरोबर परत आत जायला लागलो.

थंडीवाली

मी बर्लिनला मास्टर्सला होते. साखसेनहाउसेन तिथून लोकलने तासाभरावर, ओरानियनबुर्गला. जानेवारीत गेले, मूर्खपणा होता, पण क्लासमधल्या सगळ्यांनी ठरवलं. तिथली हजेरीची जागा अर्धवर्तुळाकार आहे आणि इतकी मोकळी की वारा थेट अंगावर येतो. आमची शिक्षिका मैदानाच्या मधोमध थांबून सांगत होती, १८ जानेवारी १९४०, उणे २६ तापमान, कामावर न लागलेल्या सगळ्या कैद्यांना ह्योसने बाहेर उभं केलं, बहुतेकांकडे कोट नाही हातमोजे नाहीत, लोक कोसळायला लागले तेव्हा दवाखान्याचे दरवाजे बंद करायला लावले. दिवसभरात ७८ मेले आणि रात्री अजून ६७.

मी थर्मलचे दोन थर, जॅकेट, लोकरीची टोपी घालून उभी होते, उणे चार होतं आणि वीस मिनिटांत मला पायाची बोटं लागेनात. धागाकर्त्यांशी सहमत, कारण हे आउशवित्झच्या आधीचं आहे. गॅस नव्हता, वरून हुकूम आला असंही नाही, सकाळी उठून स्वतःच्या मनाने केलं.

उरणचा फ्युमिगेशनवाला

माझा अनुभव वेगळा आहे, बसतो का बघा. मी बंदरावर कंटेनर फ्युमिगेशनचं काम करतो, तांदूळ, मसाले, लाकडी पॅकिंग यात कीड राहू नये म्हणून विषारी वायू सोडतात ते. लायसन लागतं, मास्क, गॅस डिटेक्टर, कवटीचं स्टिकर, ठराविक तासांनी हवा खेळवणं, चूक झाली तर माणूस जातो त्यामुळे ट्रेनिंगमध्ये घोकून घेतात.

युरोप टूरमध्ये आउशवित्झला गेलो तेव्हा काचेमागे झिक्लॉन बीचे (गॅस चेंबरमध्ये वापरलेलं विष) रिकामे डबे होते आणि माझे पाय तिथेच थांबले. बायको म्हणते पुढे चला, मी लेबल वाचतोय. कारण ते आमच्याच धंद्यातलं औषध होतं हो. गोदामं, जहाजं, कपड्यातल्या उवा यासाठी विकायचे. माणसाला धोका कळावा म्हणून त्यात मुद्दाम डोळे चुरचुरतील असा वास घातलेला असायचा, आणि छावणीला पुरवलेल्या मालात तो वास नव्हता असं गाईडने सांगितलं. बाकीच्यांच्या डोक्यावरून गेलं पण मला तिथेच घाम फुटला. वास काढायला सांगणारा आणि वास काढून देणारा, दोघांनाही माहीत असणार ना काय चाललंय ते? पुरवठादारांपैकी ब्रूनो टेश नावाच्या मालकाला ब्रिटिशांनी १९४६ ला फाशी दिली हे नंतर वाचलं.

पहिला मोठा प्रयोग १९४१ च्या सप्टेंबरला, ११ नंबरच्या ब्लॉकच्या तळघरात, सोव्हिएत युद्धकैदी आणि आजारी पोलिश कैदी. ह्योस गावाला गेला होता आणि त्याच्या फ्रिट्च नावाच्या हाताखालच्याने केला. परत आल्यावर ह्योसला बरं वाटलं म्हणे, गोळीबारापेक्षा हे सोपं. स्वतःच लिहून ठेवलंय त्याने. आता कामावर डबा उघडताना कधीकधी आठवतं, काय करणार.

पाढेवाली बाई

मी शाळेत इतिहास आणि गणित दोन्ही शिकवते. मागे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी फॉरवर्ड टाकला, आउशवित्झला आधी ४० लाख म्हणायचे, आता ११ लाख म्हणतात, म्हणजे सगळंच थोतांड. मला इतका संताप आला की भाजी करपली.

तर हिशोब असा. ४० लाख हा युद्धानंतरच्या सोव्हिएत चौकशीतला आकडा, तिथल्या फलकावर १९९० पर्यंत होता. ह्योसने न्यूरेंबर्गला (नाझी नेत्यांवरचा खटला चालला तिथे) एप्रिल १९४६ मध्ये २५ लाख गॅसने आणि ५ लाख उपासमार-रोगराईने असं सांगितलं, आणि नंतर पोलंडच्या तुरुंगात स्वतःच म्हणाला की २५ लाख फार जास्त होतात. पुढे तिथल्याच संग्रहालयाच्या फ्रान्चिशेक पिपर यांनी एकेका देशातून आलेल्या गाड्या मोजल्या. आणलेले सुमारे १३ लाख, मेलेले सुमारे ११ लाख, त्यात दहा लाखांच्या आसपास ज्यू, ७० हजारांवर पोलिश, २१ हजार रोमा (जिप्सी), १५ हजार सोव्हिएत युद्धकैदी. म्हणजे आकडा कमी केला तो खोटं ठरवणाऱ्यांनी नाही, मोजणाऱ्यांनी केला. काकांना हे सगळं टाईप करून पाठवलं. त्यांनी अंगठा दाखवला, कुठल्या अर्थाने ते देव जाणे.

सारंग

मर्चंट नेव्हीत आहे, सध्या रजेवर. ह्योसच्या पकडण्याची गोष्ट बोटीवर एका जर्मन चीफ ऑफिसरने सांगितली, तो उत्तर जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गकडचा. युद्ध हरल्यावर ह्योसने नौदलाचे खोटे कागद केले, नाव फ्रान्झ लांग, हुद्दा बोसन. बोसन म्हणजे आपला सारंग! माझ्या आजोबांचा हुद्दा तो, म्हणून माझा हा आयडी, म्हणून जास्तच टोचलं. तिथल्याच गोटरुपेल नावाच्या खेड्यात शेतावर गडी म्हणून आठ महिने काढले. ब्रिटिशांनी बायकोला गाठलं, ती म्हणे तो मेला, मग मुलाला रशियाच्या गाडीत बसवतो अशी धमकी दिली तेव्हा पत्ता लिहून दिला. ११ मार्च १९४६ च्या रात्री धाड. पकडणारा हान्स अलेक्झांडर, बर्लिनहून पळून इंग्लंडला गेलेला जर्मन ज्यू. ह्योस म्हणतोय मी तो नव्हेच, अंगठी बोटातून निघत नाही म्हणतोय, मग बोट कापतो म्हटल्यावर निघाली, आत नाव, रुडॉल्फ आणि हेडविग.

त्याला त्या रात्री मारहाण झाली हेही खरं आहे आणि ते लपवायची गरज नाही. पण नंतर न्यूरेंबर्ग, मग वॉर्सा, मग क्राकोवच्या तुरुंगात स्वतःच्या हाताने शेकडो पानं लिहिली, तिथे कोणी दांडकं घेऊन उभं नव्हतं.

शनिवार तेल्यांची नात

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनिवार तेली. माझी आत्या साठच्या दशकात इस्रायलला गेली, अश्दोदला राहायची, मरेपर्यंत घरात मराठीच. मी लहानपणी सुट्टीला गेले होते तर शेजारी एक हंगेरियन आजी होत्या, हातावर गोंदलेला नंबर, ए अक्षराने सुरू होणारा. मला वाटलं आपल्याकडे आज्या नाव गोंदवून घेतात तसलं काही असेल, म्हणून मी मराठीत विचारलं, छान आहे, कोणी गोंदलं? आत्याने चिमटा काढला.

आजींनी विचारलं काय म्हणते ही. आत्याला भाषांतर करावं लागलं. त्या हसल्या आणि मला चॉकलेट दिलं. नंतर आत्याने सांगितलं, १९४४ चा उन्हाळा, हंगेरीतून आठ आठवड्यांत सव्वाचार लाखांहून जास्त ज्यू लोक नेले, बहुतेक आउशवित्झला, नंबर तिथलाच, आजींच्या घरातले सात, परत एकटी. धागा वाचून आज शोधलं तेव्हा कळलं की ह्योसची तोवर बर्लिनजवळच्या मुख्य कचेरीत बदली झाली होती आणि खास या कामासाठी मे महिन्यात त्याला परत पाठवला, मोहिमेला नावही त्याचंच पडलं. घरचे तर त्या घरातून हललेच नव्हते.

आत्या म्हणायची आपल्याला हिंदुस्थानात कोणी बोट लावलं नाही, म्हणून त्या आजींच्या समोर गप्प बसायला शीक.

पांढरा रस्सा

कोल्हापूरकर हजर. आमच्याकडे वळिवड्याला युद्धात पाचेक हजार पोलिश लोकांची छावणी होती, १९४३ ते ४८. आजी सांगायची गोऱ्या बायका बाजारात येऊन मोडक्या मराठीत भाव करायच्या. ते लोक ह्योसच्या छावणीतून सुटून आलेले ना?

धागाकर्ता

@पांढरा रस्सा, नाही. ते पूर्व पोलंडचे, स्टालिनने सैबेरियाकडे हाकललेले आणि इराणमार्गे इकडे आलेले. ह्योसकडची पहिली मोठी तुकडी १४ जून १९४० ला तार्नुवहून आली, ७२८ पोलिश पुरुष. देश एक, दोन्हीकडून चेपलेला. आजीच्या आठवणी मात्र वेगळ्या धाग्यात नक्की लिहा.

क्राकोवची पेइंग गेस्ट

छोटासा. माझ्या हॉस्टेलपासून ट्रॅमवर प्वाशूव, तिथेही नाझी छावणी होती, तिथला कमांडंट आमोन ग्योट. दोन ज्यू दफनभूमींवर छावणी बांधलेली, आता नुसतं गवत, लोक कुत्री फिरवतात. या ग्योटला १९४४ मध्ये एसएसनेच अटक केली होती. लोकांना मारल्याबद्दल नाही हां, जप्त मालावर डल्ला मारल्याबद्दल, कारण तो माल सरकारचा. खुनाचा हिशोब १९४६ ला पोलंडच्या कोर्टात झाला.

आडवाटेवरची

धागाकर्ते, ह्योसचं ते घर आतून बघता येतं का? एप्रिलमध्ये जायचंय.

धागाकर्ता

२०२५ पासून उघडलंय, त्याआधी बरीच वर्षं तिथे एक पोलिश कुटुंब राहत होतं. जायच्या आधी वेळा बघून घ्या, आम्ही पोचलो त्या दिवशी कुलूप होतं, बाहेरूनच बघितलं. बागेत कामाला असलेल्या पोलिश कैद्याने नंतर साक्ष दिली होती की या घरात साखर, पीठ, दूध छावणीच्या भांडारातून यायचं, रेशनकार्डाशिवाय. हे मी बायकोला सांगत होतो तर ती म्हणाली, किती किलो साखर? मी म्हटलं तुला काय करायचंय. ती म्हणाली, तो माळी मोजत होता ना, म्हणून विचारलं.